घटनात्मक राज्याचा उगम: फिलाडेल्फिया, दिल्ली आणि नाशिक

राज्यकर्त्याचे हात कायद्याने बांधलेले असावेत आणि तो कायदा त्याला आपल्या मर्जीने बदलता येऊ नये, ही घटनात्मक राज्याची किमान अट मानली जाते. ही अट एका लिखित दस्तऐवजात बसवून त्यावर अख्खे राष्ट्र चालवण्याचा पहिला मोठा प्रयोग १७८७ मध्ये अमेरिकेत झाला. भारताने आपला दस्तऐवज १९४६ ते १९४९ या काळात तयार केला. त्यातली कलमे कुठून आली हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. त्या कलमांना समाजात बळ कुठून आले, यावर मात्र अभ्यासकांचे एकमत नाही. या वादात महाराष्ट्रातल्या आणि विशेषतः नाशिक जिल्ह्यातल्या काही घटनांचा उल्लेख वारंवार होतो, कारण भारतीय घटनेतल्या काही शब्दांमागचा झगडा तिथे उघड्यावर झाला होता.

अमेरिकी चौकट आणि तिच्यातली खोट

ब्रिटनपासून फुटून निघालेल्या तेरा वसाहतींनी १७८१ मध्ये जो करारनामा अमलात आणला, त्यात मध्यवर्ती सरकारला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. युद्धाचे कर्ज फिटेना, राज्ये एकमेकांच्या मालावर जकाती लावू लागली आणि १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केले. या परिस्थितीत २५ मे १७८७ रोजी फिलाडेल्फियात परिषद भरली. ५५ प्रतिनिधी आले. ऱ्होड आयलंडने कुणालाच पाठवले नाही. १७ सप्टेंबरला तयार मसुद्यावर ३९ जणांनी सह्या केल्या.

मोठ्या राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा हव्या होत्या, लहान राज्यांना समान. तोड निघाली ती दोन सभागृहांची: एकात लोकसंख्येप्रमाणे प्रतिनिधी, दुसऱ्यात प्रत्येक राज्याचे दोन. कायदे करणारे, राबवणारे आणि त्यांचा अर्थ लावणारे हात वेगळे ठेवले गेले आणि प्रत्येकाला दुसऱ्याला आवरण्याची सोय दिली गेली. नऊ राज्यांच्या मंजुरीने घटना अमलात यायची होती. ती नववी मंजुरी न्यू हॅम्पशायरने जून १७८८ मध्ये दिली. नागरिकांच्या हक्कांची सनद नाही हा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता, तो १७९१ मध्ये दहा दुरुस्त्यांनी दूर झाला. कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार घटनेत कुठेही स्पष्ट लिहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो १८०३ च्या मार्बरी खटल्यात स्वतःकडे घेतला आणि तेव्हापासून तो चौकटीचा कणा बनला.

या चौकटीत एक खोट सुरुवातीपासून होती. प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलामांची गणना तीन माणसांएवढी करावी, असा हिशेब मूळ घटनेत होता. यादवी युद्धानंतर १८६५, १८६८ आणि १८७० च्या दुरुस्त्यांनी गुलामगिरी संपवली, कायद्याचे समान संरक्षण दिले आणि वर्णावरून मत नाकारण्यास बंदी केली. तरीही दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या नागरिकांना मतपेटीपर्यंत पोहोचायला १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला.

अमेरिकी घटनेच्या उगमाबद्दलचा वादही जुना आहे. इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी १९१३ मध्ये मांडले की घटनाकारांच्या निर्णयांमागे मालमत्ताधारकांचे आर्थिक हितसंबंध होते. बर्नार्ड बेलिन यांनी १९६७ मध्ये भर दिला तो सत्तेविषयीच्या संशयातून घडलेल्या विचारपरंपरेवर. बिअर्ड त्या वेळी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी जुलैत भीमराव आंबेडकर त्या विद्यापीठात दाखल झाले.

मराठी मुलखातली पूर्वतयारी

मराठी वाचकांपुढे अमेरिका ठळकपणे आली ती गुलामगिरीच्या प्रश्नातून. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी गुलामांना मुक्त केले त्यांना अर्पण केले. थॉमस पेन यांचे मानवी हक्कांवरचे लेखन फुल्यांनी वाचलेले होते. राज्याचा अधिकार कुठवर असावा या प्रश्नाआधी त्यांनी माणसावर माणसाचा अधिकार कुठवर असावा हा प्रश्न ठेवला, आणि पुढच्या सगळ्या मराठी घटनाविचारावर या क्रमाची छाप आहे.

दुसरा प्रवाह प्रातिनिधिक राज्यकारभाराचा. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात लिहिलेल्या शतपत्रांत हिंदुस्थानाला पार्लमेंट हवे, ही मागणी आहे. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेचा नियम तर आजही नवल वाटावा असा होता: सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांनी सही केलेले मुखत्यारपत्र आणावे लागे. कायद्याने कुणालाही मत नव्हते त्या काळात प्रतिनिधित्वाची ही घरगुती तालीम होती. सभेचे सूत्रधार न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची १८७८ मध्ये नाशिकला बदली झाली. लोकहितवादीही न्यायखात्यातल्या अखेरच्या काळात नाशिकलाच होते.

१८९५ मध्ये स्वराज्याच्या विधेयकाचा एक मसुदा तयार झाला. कायद्यापुढे समानता, घराची अनुल्लंघनीयता, मतस्वातंत्र्य अशा तरतुदी त्यात होत्या. त्यामागे लोकमान्य टिळकांची प्रेरणा असल्याचे अ‍ॅनी बेझंट यांनी म्हटले असले, तरी लेखक निश्चित झालेला नाही.

याच काळात नाशिकमध्ये सनदशीर मार्गावरचा विश्वास उडालेला दुसरा प्रवाहही वाढत होता. सावरकर बंधूंच्या मित्रमेळ्यातून अभिनव भारत ही गुप्त संघटना उभी राहिली. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. सनदशीर वाटेवरचा मोर्ले-मिंटो सुधारणांचा कायदाही त्याच वर्षीचा.

बंद दरवाजे: नाशिक १९३०

मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी एक ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव झाला, अंमल झाला नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केल्यावरही तिथले पाणी प्यायला मार्च १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेत आंबेडकरांनी त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. तळ्याचा दिवाणी दावा दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो अस्पृश्यांच्या बाजूने निकाली काढला.

नाशिकचा प्रश्न याहून अवघड होता. तळे नगरपालिकेचे होते. काळाराम मंदिर हे पेशवाईत सरदार ओढेकरांनी काळ्या दगडात बांधलेले देवस्थान. तिथे प्रवेश मागणे म्हणजे सार्वजनिक मालकीच्या पलीकडे जाऊन धर्मसंस्थेच्या दारात समान नागरिकत्वाचा हक्क मांडणे होते. २ मार्च १९३० रोजी आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि दुपारी मिरवणूक निघाली. चरित्रकारांनी दिलेल्या आकड्यानुसार तीत सुमारे पंधरा हजार माणसे होती. मिरवणूक मंदिरापाशी आली तेव्हा सगळे दरवाजे आतून लावलेले होते. ती गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी पहिली तुकडी दरवाजांपुढे जाऊन बसली: १२५ पुरुष, २५ स्त्रिया. आत जायचे तर दरवाजा उघडायला हवा आणि दरवाजा उघडला तर सत्याग्रही आत शिरणार, म्हणून पूजाअर्चा करणाऱ्यांखेरीज सगळ्यांनाच मंदिर बंद राहिले. दांडीयात्रा निघायला अजून नऊ-दहा दिवस होते.

९ एप्रिलला रामनवमीच्या उत्सवातली रथयात्रा होती. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढावा अशी तडजोड ठरली होती. रथ दुसऱ्याच वाटेने पळवला गेला, झटापट झाली, दगडफेक झाली. भाऊराव कृष्णराव गायकवाड, म्हणजे पुढचे दादासाहेब गायकवाड, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंदोलन पुढे अनेक वर्षे चालू ठेवले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले आणि मंदिरप्रवेशाच्या चळवळीचा तो अध्याय संपला.

तात्काळ हिशेब मांडला तर नाशिकचा सत्याग्रह अयशस्वी ठरला. दरवाजा उघडला नाही. घटनेचा मजकूर वाचताना मात्र हा हिशेब अपुरा वाटतो. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात कोणत्या ठिकाणी कुणाला मज्जाव करता येणार नाही त्याची यादी आहे: दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. अमेरिकी घटनेत अशी यादी नाही. तिथले हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध आहेत. ही यादी शेजाऱ्याविरुद्धही चालते. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ घटना समितीने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी स्वीकारला, आणि हिंदू देवस्थाने सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार अनुच्छेद २५ ने राज्याला दिला. चवदार तळे आणि काळारामाचा दरवाजा या मजकुरामागे उभे आहेत, असे मानायला भरपूर आधार आहे.

औंधचा दुसरा रस्ता

मराठी प्रदेशात एक घटना प्रत्यक्ष राबवलीही गेली. सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठी प्रसिद्ध असलेले औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ च्या अखेरीस आपले अधिकार प्रजेकडे सोपवण्याचे ठरवले. त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांनी गांधीजींच्या सल्ल्याने आराखडा केला, आणि जानेवारी १९३९ मध्ये तो ७२ विखुरलेल्या गावांच्या त्या छोट्या संस्थानात लागू झाला. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांनी तालुका सभा बनवायची आणि तिथून संस्थानाची विधानसभा. सत्ता खालून वर जावी, वरून खाली झिरपू नये, हे तत्त्व. मताधिकाराला साक्षरतेची अट होती. त्यावरून आजही मतभेद आहेत, कारण त्या अटीने आधी वगळले जाणार ते शाळेबाहेर ठेवलेलेच.

मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि प्रयोग नऊ वर्षांत आटोपला. इतक्या लहान प्रदेशावरून सामान्य निष्कर्ष काढता येत नाही, असे एक मत. गावाला घटनेचा पाया करता येतो हे सिद्ध करायला तेवढा काळ पुरेसा होता, असे दुसरे.

घटना समिती: काय घेतले, काय टाळले

घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी झाली. आंबेडकर आधी बंगालमधून निवडून आले होते. फाळणीने ती जागा गेल्यावर मुकुंदराव जयकरांच्या रिकाम्या जागेवर मुंबई प्रांतातून ते जुलै १९४७ मध्ये पुन्हा आले आणि २९ ऑगस्टला नेमलेल्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. बाळासाहेब खेर, काकासाहेब गाडगीळ, शंकरराव देव, केशवराव जेधे, पंजाबराव देशमुख हे मराठी सभासदही समितीत होते. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ३९५ अनुच्छेद आणि ८ अनुसूचींची घटना स्वीकारली गेली.

अमेरिकेकडून आले ते न्यायालयात मागता येणारे मूलभूत हक्क आणि न्यायालयीन पुनर्विलोकन. भारताने ते अनुच्छेद १३ मध्ये स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले. अध्यक्षीय पद्धत, दुहेरी नागरिकत्व आणि दुहेरी न्यायव्यवस्था टाळली गेली. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात आंबेडकरांनी कारण दिले: अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, पण सरकार रोजच्या रोज जाब द्यायला बांधलेले नसते; मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले आहे. शेषाधिकार अमेरिकेत राज्यांकडे आहेत. भारतातही डिसेंबर १९४६ च्या उद्दिष्टांच्या ठरावात ते घटकांकडेच होते. फाळणीनंतर ते केंद्राकडे गेले.

अध्यक्षीय पद्धत टाळण्यात एक विसंगती आहे आणि तिचे समाधानकारक स्पष्टीकरण अजून मिळालेले नाही. मार्च १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात आंबेडकरांनीच ब्रिटिश पद्धतीचे मंत्रिमंडळ नाकारून मुदत बांधून दिलेले कार्यकारी मंडळ सुचवले होते, कारण जिथे बहुमत जातीने ठरते तिथे बहुमताचे मंत्रिमंडळ अल्पसंख्याकांना कायम बाहेर ठेवील. दीड वर्षात त्यांचे मत बदलले, की अध्यक्ष या नात्याने त्यांनी समितीचे मत मांडले? दोन्ही वाचने प्रचलित आहेत.

‘योग्य कायदेशीर प्रक्रिया’ हा अमेरिकी शब्दप्रयोगही असाच गळला. घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. त्या शब्दांमुळे निवडून न आलेल्या न्यायाधीशांच्या हाती फार सत्ता जाते, असे फ्रँकफर्टर यांचे मत पडले आणि अनुच्छेद २१ मध्ये ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द आले. १९७८ च्या मेनका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टाळलेला अर्थ मागच्या दाराने परत आणला.

उगमाविषयीच्या भूमिका

पहिली भूमिका सातत्याची. ब्रिटिशांनी केलेल्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातला मोठा भाग घटनेत तसाच आला. राज्यपाल, वटहुकूम, आणीबाणीचे अधिकार आणि प्रतिबंधक स्थानबद्धता हा वसाहतीच्या राज्ययंत्राचा वारसा आहे. अर्घ्य सेनगुप्ता यांनी २०२३ मध्ये ही मांडणी नव्याने केली. आंबेडकरांनी स्वतः ही उसनवारी नाकारली नव्हती. कारभाराचे तपशील घटनेत लिहिण्याचे समर्थन करताना त्यांनी घटनात्मक नीतीचे रोप इथल्या मातीत अजून रुजायचे आहे, हा मुद्दा दिला.

दुसरी भूमिका ग्रॅनव्हिल ऑस्टिन यांच्या १९६६ च्या ग्रंथापासून ओळखीची आहे: घटना म्हणजे सामाजिक क्रांतीचा, सहमतीने ठरलेला कार्यक्रम. माधव खोसला यांनी २०२० मध्ये तिला वेगळे वळण दिले. लोकशाहीची सवय नसलेल्या समाजाला लोकशाही शिकवणारा मजकूर म्हणून ते घटनेकडे पाहतात.

तिसरी भूमिका नजर दिल्लीच्या सभागृहाबाहेर नेते. रोहित डे यांनी खाटीक, व्यापारी, वेश्या अशा सामान्य माणसांच्या सुरुवातीच्या खटल्यांतून घटना कशी घडली ते दाखवले. ऑर्निट शनी यांनी मतदारयाद्या तयार करण्याच्या कामातून. आनंद तेलतुंबडे यांचा महाडवरचा ग्रंथ आणि दलित चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्या मराठी अभ्यासकांचे काम याच बाजूला येते. गांधीवादी टीका चौथी: गाव हा घटनेचा पाया न होता राज्यधोरणाच्या निदेशक तत्त्वांतल्या अनुच्छेद ४० पुरता उरला. गाव म्हणजे संकुचितपणाचे डबके, हे आंबेडकरांचे उत्तर नाशिक-महाडच्या अनुभवातून आलेले होते आणि औंधच्या अनुभवाशी त्याचा मेळ बसत नाही.

या भूमिका वरवर एकमेकींना छेद देतात, पण पुष्कळदा त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. मजकुराची वंशावळ शोधणाऱ्याला १९३५ चा कायदा सापडणारच. अनुच्छेद १७ मात्र त्या कायद्यात नव्हता. तो का लिहिला गेला हे विचारणाऱ्याला बंद दरवाजापुढे बसलेल्या दीडशे माणसांपर्यंत जावे लागते.

अनिर्णित प्रश्न

संसदेने घटना कुठवर बदलावी यावर १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा मतांनी मूळ चौकटीची मर्यादा घातली. त्या चौकटीत नेमके काय येते, याची यादी पूर्ण झालेली नाही आणि बहुधा होणारही नाही.

मंदिराचा प्रश्न जातीकडून लिंगाकडे सरकला. मुंबईचे १९४७ आणि १९५६ चे मंदिरप्रवेशाचे कायदे अस्पृश्यतेविरुद्ध झाले होते. शनिशिंगणापूरच्या वादात २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या कायद्याखाली स्त्रियांनाही अडवता येणार नाही अशी भूमिका घेतली आणि तोच वाद नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यापर्यंत आला. व्यक्तीचा धर्मस्वातंत्र्याचा हक्क आणि अनुच्छेद २६ खालचा संप्रदायाचा हक्क यांत मोठा कोणता, हा प्रश्न शबरीमला प्रकरणातून २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला गेला.

केंद्र आणि राज्यांखालच्या तिसऱ्या स्तराचा, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांचा, प्रश्न सर्वांत कच्चा राहिला आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्त्यांनी स्थानिक संस्थांना घटनेत जागा मिळाली. महापालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असे घटना सांगते. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादात तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. निवडणुका घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला.

सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत वेगळी चौकट चालते. तो घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला आदिवासी प्रदेश आहे आणि १९९६ च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींविषयीच्या, कायद्याने तिथल्या ग्रामसभेला गौण वनोपजावर, लहान जलसाठ्यांवर आणि परंपरागत साधनसंपत्तीवर अधिकार दिले. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. जमीन संपादनाआधी ग्रामसभेशी विचारविनिमय करावा, असे १९९६ चा कायदा म्हणतो. २०१३ चा भूसंपादन कायदा अनुसूचित क्षेत्रात पूर्वसंमतीची भाषा वापरतो. इतर कायद्यांखाली जमीन घेतली जाते तेव्हा यांतला कोणता शब्द लागू पडतो, याचा वाद प्रकल्पागणिक नव्याने उभा राहतो.